तिघांत एक चष्मा

फोन आला तेव्हा क्रांतीच्या हातात उसाच्या रसाचा नमुना होता. इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात ती केमिस्ट होती, आणि गाळप सुरू झालं की घरचे फोन ती सहसा उचलत नसे. आईला हे ठाऊक होतं. तरी आज तिनं, शालूबाईनं, लागोपाठ फोन केले.

"घरी ये," आई दबक्या आवाजात म्हणाली. "सिद्धू आलाय. यशाचं कडं घिऊन आलाय. आन् तुझा बा कोयता घासाय बसलाय."

क्रांतीनं नमुना सहकाऱ्याच्या हवाली केला, स्कूटर काढली आणि पलूसचा रस्ता धरला.

यशराज तिचा धाकटा भाऊ. मलेशियात कामाला होता. गणपतीच्या आधी मामेभाऊ सिद्धू आणि शेजारी अनीश यांच्याबरोबर तो तिथल्या एका बेटावर सहलीला गेला आणि परत आला नाही. समुद्रात बुडाला असं कळलं, पण प्रेत सापडलं नव्हतं. वडील आकाराम सैन्यातले निवृत्त हवालदार. प्रेत दाखवा मग रडतो, असं म्हणून त्यांनी मुलाचे दिवस घातले नव्हते, की अश्रू गाळला नव्हता. आणि आज त्याचं कडं आलं होतं.

आकाराम सोप्यात बसले होते. पुढ्यात दगड, दगडावर ऊसतोडीचा कोयता. शेजारी ताटलीत पांढऱ्या फडक्यावर कडं. उघड्या तोंडाचं, दोन्ही टोकांना वाघाची तोंडं. यशराज बारावी झाला तेव्हा वडिलांनीच करून घातलेलं. चांदी आता ओळखू येत नव्हती. तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं ते, आतून-बाहेरून, सगळीकडे सारखं.

सिद्धू भिंतीला टेकून बसला होता. शालूबाईच्या भावाचा मुलगा, विट्याकडचा. त्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात. त्यासाठी ती देशभर पांगलेली, आणि आता देशाबाहेरही. सिद्धू क्वालालंपूरमधल्या अशाच एका दुकानात होता.

त्याची बहीण अंकिता आत चुलीपाशी चहा टाकत होती. यशराजची आणि तिची दोन वर्षांपूर्वी सुपारी फुटली होती. मामाचीच मुलगी, घरातलंच नातं. आणि लग्न तोंडावर आलं असताना यशराजनं अचानक नकार दिला. कारण सांगितलं नाही. दोन्ही गावांत नको ते बोललं गेलं. अंकिताच्या आईनं अंथरूण धरलं आणि ती त्यातच गेली. त्यानंतर शालूबाईला माहेर राहिलं नाही.

पण सिद्धूनं मन मोठं केलं, असं सगळे म्हणत. गावात तोंड दाखवायची चोरी झालेल्या यशराजला त्यानंच मलेशियाला बोलावून घेतलं, आपल्या दुकानात लावलं, आपल्या खोलीत ठेवलं. आणि यशराज गेल्याचं कळल्यापासून अंकिता दर आठवड्याला एसटीनं येत होती, शालूबाईजवळ बसत होती. जिला सोडलं त्या मुलीनं असं यावं, याचंही गावाला नवल होतं.

"कडं कुणाला सापडलं?" क्रांतीनं विचारलं.

"एका कोळ्याला, आक्का. जाळ्यात आलं. मी तितं माझा नंबर देऊन ठिवलावता."

"नेमकं कुठं?"

"यशा आन् अनीश जितं पाण्यात उतरली, त्या खडकाच्या म्होरं."

"तिथं चिखल आहे का?"

"चिखल कसला. साखरंसारकी रेती हाय. तळ दिसतो खालचा."

"आणि अनीश यशाबरोबर पाण्यात होता. हे तू पाहिलंस?"

"मी कुटं व्हतो तितं? मी परतीच्या बोटीची तिकिटं काढाय धक्क्यावर गेलतो. त्या दिशी पाण्याकडं फिरकलो बी न्हाई." सिद्धूनं नाक पुसलं. "पर सकाळी अनीशनंच त्याला डिवचलं. म्हनला, नदीत कोन बी पवतं, खडकाच्या पल्याड जाऊन दाव. मी मागारी आलो तर हा गडी खोलीत पालता पडल्याला. यशा कुटंच न्हाई."

अनीश त्या सहलीतला तिसरा. सांगली शहरातला, संगणकाच्या कंपनीत नोकरीला, त्या दोघांच्याच इमारतीत राहायला.

आकारामनी सिद्धूला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मुलाचे शेवटचे दिवस त्यांना तोंडपाठ करायचे असावेत. सिद्धूनं सांगितलं. सीझन संपत आला म्हणून सगळं स्वस्त होतं. रात्रीच्या बसनं गेले, सकाळच्या बोटीनं उतरले. समुद्र दिसणाऱ्या झोपड्या महाग, म्हणून भटारखान्यामागची पंख्याची खोली घेतली. जेवणाला घरचा ठेचा, सांगलीहून आलेलं भडंग आणि विजेच्या किटलीत शिजवलेला भात. लोक तिथं मासे बघायला तोंडावर चष्मा आणि नळी लावून पाण्यात पालथे तरंगतात. ते भाड्यानं मिळतं.

"आमी तिघांत एकच चष्मा घेतला," सिद्धू रडता रडता किंचित हसला. "आळीपाळीनं लावायचा. यशा म्हनायचा, गलाईवाल्याबरुबर फिराय आल्यावर आनि काय हुनार. निगताना म्याच नेऊन दिला दुकानात. अनामत सोडतोय व्हय? येक चरा पडू दिला नव्हता."

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. आकाराम कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिले.

"त्यो अनीश सांगलीला येतोय," ते म्हणाले. "भनीचं लगीन हाय त्येच्या. मी बी जानार लग्नाला."

क्रांतीला वडील माहीत होते. ते ओरडले असते तर ती घाबरली नसती. ते हळू बोलत होते. भाऊ गेलाच होता. आता वडीलही तुरुंगात जाणार होते.

आणि खरं सांगायचं तर वडिलांचा राग तिला परका नव्हता. कृष्णेला पाणी चढलेलं असताना या काठावरून त्या काठाला जाणारा तिचा भाऊ, तळ दिसणाऱ्या पाण्यात बुडतो कसा? रसाच्या नमुन्यावर वाकलेली असताना हा प्रश्न महिनोन् महिने तिच्या मानेवर बसलेला होता. तिलाही कुणाचा तरी गळा हवाच होता. फक्त तो बरोबर माणसाचा हवा होता.

"कडं मी नेते, आबा," ती म्हणाली. "लॅबमध्ये साफ करून आणते. आईला बघवत नाही असं काळं."

"कशाला, आक्का?" सिद्धू चटकन म्हणाला. "समुद्रानं जसं दिलं तसंच ऱ्हाऊ दे की. आठवन हाय."

"ने," आकाराम म्हणाले.

"आणि लग्नापर्यंत कोयत्याला हात लावायचा नाही."

"लग्नापोतर. म्होरं न्हाई."

चहा आला. कप देताना अंकिता वाकली, तेव्हा तिच्या कानांतली फुलं क्रांतीला जवळून दिसली. मुद्दाम काळपट केलेल्या चांदीची, जुन्या देवळातल्या दागिन्यांसारखी. सिद्धूनंच घडवून पाठवली होती. असा जुना दिसणारा माल त्याच्या हातचा चांगला उतरतो आणि तिकडे त्याला गिऱ्हाईक आहे, असं तो मागे एकदा अभिमानानं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाल्यावर क्रांतीनं कडं बाहेर काढलं.

आधी भिंग. वाघाच्या जबड्यांत, आयाळीच्या बारीक खाचांत तिनं एकेक रेघ पाहिली. मग शुद्ध पाण्यात कडं बुडवून ठेवलं आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. बॉयलरच्या पाण्यात मीठ आलंय का, हे कारखान्यात रोज असंच बघतात. मिठाचा अंश असला तर पाणी दुधाळ होतं. पाणी नितळ राहिलं. मग कापसाचा बोळा अमोनियात भिजवून काळ्या थरावर घासला. बोळा पांढराच राहिला, चांदी काळीच राहिली.

शेवटी तिनं किचनमधून आणलेला अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि गरम पाणी घेतलं, आणि कड्याचं फक्त एक टोक त्यात धरलं. बाकीचं कडं तिनं मुद्दाम तसंच ठेवलं. थोड्या वेळानं वाघाचं एक तोंड पांढरंशुभ्र झालं आणि वास आला. तिनं नाक पुढे नेऊन खात्री केली.

मग ती खुर्चीत बसली. कडं कोरडं करून तिनं फडक्यात गुंडाळलं.

अनीशच्या दारात मांडव पडत होता. सांगलीच्या मार्केट यार्डामागची जुनी कॉलनी. क्रांतीचं नाव ऐकताच अनीशचा चेहरा उतरला. आईला पाहुण्या आहेत एवढंच सांगून तो तिला गच्चीवर घेऊन गेला.

"तुमच्याकडे यायचं होतं ताई, पण सिद्धू म्हणाला, येऊ नकोस. तुझ्यामुळे बुडाला असं यशराजचे बाबा म्हणतायत, दारात जिवंत सोडणार नाहीत."

"तुझ्यामुळे बुडाला?"

"मी त्या दिवशी खोलीतून हललोसुद्धा नाही." त्यानं पाठ वळवून शर्ट वर केला. खांद्यांपासून कमरेपर्यंत कातडीवर फिकट-गडद चट्टे होते. "पहिल्या दिवशी उघड्या अंगानं मासे बघत तरंगत होतो. पाण्यामुळे ऊन लागतंय हे कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाठभर फोड. चादर सहन होत नव्हती. खाऱ्या पाण्यात कोण जाईल?"

"तू पोलिसांना सांगितलंस?"

"सिद्धूच बोलला त्यांच्याशी. त्यालाच तिथली भाषा येते. त्यांनी लिहिलं, मी सही केली. काय लिहिलंय ते मला वाचताही येत नव्हतं."

"त्या सकाळचं काही आठवतं? कुणी पैज वगैरे लावली?"

"पैज?" तो गोंधळला. "यशराज माझ्या पाठीवर हसत होता. माझ्यासाठी भडंगाची वाटी ठेवली, आणि म्हणाला, आज चष्मा दिवसभर माझा." त्यानं फोन काढला. "हा बघा. पालथं पडूनच काढला होता मी."

फोटोत यशराज दाराच्या पायरीवर उभा होता. गाल भडंगानं फुगलेला. चष्मा कपाळावर चढवलेला, नळी कानाशी लोंबणारी. निरोपाचा हात वर केलेला. मागे पांढरा उजेड. तिनं फोटो बोटांनी मोठा केला आणि हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"आणि सिद्धू?"

"तिकिटं काढून आणतो म्हणाला. यशराजच्या मागोमागच निघाला."

"हा चष्मा पुढे कुठे गेला?"

अनीशनं आठवून पाहिलं. "त्याच्या डोक्यावरच होता की, ताई. त्याच्याबरोबर गेला असणार."

क्रांतीनं तो फोटो आपल्या फोनवर घेतला, आणि लग्नाआधी एकदा पलूसला यावं लागेल असं त्याला सांगितलं. मी आहे, एवढंच ती म्हणाली. तो हो म्हणाला.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. सुपारी मोडल्याचा राग धरून सिद्धूनं हे केलं असेल, तर ज्या बहिणीसाठी केलं ती बहीण दर आठवड्याला कुणासाठी रडायला येत होती?

अंकिता तिला पलूसच्या एसटी स्टँडवर भेटली. दोघी रसवंतीच्या बाकावर बसल्या. क्रांतीनं आडवळणं घेतली नाहीत. मोडलेल्या लग्नाबद्दल सरळ विचारलं. अंकितानं आधी नुसती मान हलवली. मग जे सांगितलं ते ऐकून क्रांतीनं रसाचा पेला न पिता खाली ठेवला.

"हे सिद्धूला माहीत आहे?"

"न्हाई. घरात कुनालाच न्हाई."

"मग परवा आमच्याकडे ये," क्रांती म्हणाली. "आतल्या खोलीत बस. आणि मी हाक मारली की बाहेर ये."

लग्नाच्या आदल्या सकाळी सिद्धू आला. सांगलीचा रस्ता आणि अनीशचं घर दाखवायला तो आकारामबरोबर जाणार होता. सोप्यात कोपऱ्यात अनीश बसलेला दिसला तसा तो उंबऱ्यातच थबकला.

"ये, सिद्धू. बस," क्रांती म्हणाली. "आपल्याला कुठं जायची गरज पडली नाही. तोच आलाय."

आकारामांचा हात कोयत्याकडे गेला होता. मुलीला दिलेल्या शब्दामुळे तो अलीकडेच थांबला होता. लग्न अजून व्हायचं होतं. शालूबाई जात्याजवळ भिंतीला धरून उभी. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.

क्रांतीनं ताटलीत कडं ठेवलं. एक वाघ काळा, एक पांढरा.

"आबा, हे कडं समुद्रात पडलेलंच नव्हतं."

तिनं ताटली वडिलांपुढे सरकवली.

"समुद्रात इतके दिवस पडलेल्या चांदीवर मिठाचा थर बसतो. करडा, जांभळट, डागाडागांचा. तो अमोनियानं सुटतो. हा सुटला नाही. खाचांत मिठाचा कण नाही. कालवांचा, किड्यांचा चुना कुठं टोचलेला नाही. कडं सगळीकडे एकसारखं काळं आहे, जसं मुद्दाम केलं तरच होतं. आणि टोक साफ करताना कुजक्या अंड्याचा वास आला. म्हणजे गंधक. कुजलेल्या चिखलात रुतलं असतं तरी चांदीवर गंधक चढतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी चिखलाचं विचारलं. सिद्धूनंच सांगितलं, साखरेसारखी रेती आहे."

तिनं सिद्धूकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाला हे कडं समुद्रातलं म्हणून खपवायचं असतं तर त्यानं ते मिठाच्या पाण्यात टाकून ठेवलं असतं. मग मला कदाचित काहीच कळलं नसतं. पण चांदी काळी करायची म्हटल्यावर कारागिराचा हात सवयीनं गंधकाकडेच जातो. अंकिताच्या कानातली फुलं तू अशीच काळी केलीस."

सिद्धूनं मान खाली घातली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"व्हय. म्याच केलं काळं," तो म्हणाला. "मामा, तुमी रडत न्हवता. आत्तीच्या घशाखाली घास उतरत न्हवता. पोराचं दिवस घालायचं ऱ्हायलं. म्हनलं कायतरी हातात दिल्याबिगर ह्यास्नी सुटका न्हाई. कडं यशाच्या पिशवीत व्हतं. म्या खोटं बोललो, पर तुमच्यासाठनं बोललो."

शालूबाई त्याच्याजवळ सरकली. आकारामांची नजरही निवली. पोरानं चांगल्या पोटीच केलं की, ते पुटपुटले, आणि कोपऱ्यातल्या अनीशकडे वळले.

क्रांतीनं आवाज चढवला नाही. "पिशवीत कुणी ठेवलं?"

"त्यानंच. आदल्या रातीला काडून दिलं माझ्याकडं."

"का?"

"खाऱ्या पान्यानं खराब हुतं म्हनून."

"म्हणजे सकाळी पाण्यात जाताना ते त्याच्या हातात नव्हतं."

"न्हवतं."

"नक्की?"

"आत्तीच्या गळ्याची आन."

क्रांतीनं फोन वडिलांच्या हातात दिला. आकारामनी आपला वाचायचा चष्मा लावला. पायरीवरचा मुलगा त्यांच्याकडे बघून हात हलवत होता. त्या हातात वाघतोंडी कडं लखलखत होतं.

"हा त्या सकाळचा फोटो आहे. खोलीतून निघताना अनीशनं काढलेला. यानंतर यशाला आपल्यातल्या कुणी पाहिलं नाही. हे कडं ओढून निघत नाही, त्याची टोकं फाकवावी लागतात, हे तुम्हाला माहीत आहे, आबा. तुम्हीच घातलं होतं. मग ते पाण्यात गेलेल्या माणसाच्या मनगटावरून निघून सिद्धूकडे आलं कसं?"

सिद्धू फोनकडे बघायला पुढे सरकला.

"आता कपाळाकडे बघा. चष्मा. त्या तिघांत एकच होता. तो लावून यशा पाण्यात उतरला. प्रेत सापडलं नाही, पण चष्मा दुकानात परत गेला. कुणी दिला? पहिल्याच दिवशी इथं बसून सिद्धूनं स्वतः सांगितलं, म्याच दिला, एक चरा पडू दिला नाही. पाण्याकडे फिरकलोच नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातात तो आला कुठून?"

तिनं फोन परत घेतला.

"दुकानातली धूळसुद्धा झाडून ठेवणारी माणसं ही. त्यातून पण चांदी निघते. माणूस मारल्यावरही अनामत सोडवेना त्याला. फेकून दिला असता तो चष्मा लाटांत, तर मी आज गप्प बसले असते."

"आणि मी?" अनीश कोपऱ्यातून म्हणाला. "माझं नाव का घेतलं?"

"कारण त्या सकाळी सिद्धू यशाच्या मागोमाग गेला हे फक्त तुला माहीत होतं. तू लग्नाला इकडे येणार, कधीतरी आमच्या घरी बोलणार. त्याच्या आत आबांच्या हातून तुझं तोंड बंद व्हायला हवं होतं. पण कडं हातात आल्याशिवाय आबा मुलगा मेला हेच मानत नव्हते. म्हणून कडं आलं."

आकाराम उठले. कोयता आता हातात होता. सिद्धू मागे सरकला नाही. उलट त्याची पाठ ताठ झाली, आणि इतका वेळ वाहणारे डोळे कोरडे झाले.

"व्हय, मारला," तो म्हणाला. "माझी आई अंथरुनात कुडत मेली. लोकं दारात येऊन इचारायची, पोरीत काय खोट हाय म्हनून सोडली. तुमचा पोरगा त्येचं कारन बी सांगंना. म्हनून बोलवून घेतला त्येला. वरीसभर येका ताटात जेवलो, वाट बघत. त्येच्यासारक्या पवणाऱ्याला बुडवायचं सोपं न्हवतं. पर त्या दिशी त्यो पालता पडून मासं बघत हुता. नळीवर हात ठिवला, पाटीवर गुडगा. कोन हाय ते बी कळलं न्हाई त्येला. कडं काडून घेतलं, अंकीला दावायला. तुझ्या अपमानाचं फेडलं म्हनून."

"मग दाखवलंस?" क्रांतीनं विचारलं.

"धीर झाला न्हाई."

क्रांतीनं आतल्या दाराकडे पाहून हाक मारली.

दार उघडलं. आधी ठाण्याच्या फौजदारबाई बाहेर आल्या आणि सोप्याच्या दारात उभ्या राहिल्या. सगळं शब्द न् शब्द त्यांनी ऐकलं होतं. परदेशात केलेल्या खुनाचा खटलाही इथं चालतो, दिल्लीची परवानगी लागते, वेळ लागतो, पण चालतो, असं त्यांनी आदल्या दिवशीच क्रांतीला सांगितलं होतं. त्यांच्या मागून अंकिता आली. तिनं कानांतली फुलं काढून मुठीत धरली होती.

"दादा," ती म्हणाली, "लगीन मी मोडलं."

सिद्धूनं तिच्याकडे पाहिलं.

"मला शिकायचं हुतं. नर्सिंगला. तुमी दोगं, तू आन् बाबा, ऐकनार न्हवता. मी यशाला सांगितलं, मला हे लगीन नगं. मी न्हाई म्हनलं तर मला मारतील. त्यो म्हनला, मग मी न्हाई म्हनतो. माजं नाव खराब झालं तर चार दिवसांनी लोक इसरतील, तुजं झालं तर न्हाई इसरनार." तिचा आवाज फुटला. "त्यानं आईला बी सांगू दिलं न्हाई. आई गेल्यावर मला बोलायचं धाडसच झालं न्हाई."

शालूबाई सिद्धूपासून मागे सरकली.

क्रांती सिद्धूच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला हे बघायचं होतं. रसवंतीच्या बाकावर बसल्यापासून तिला हेच बघायचं होतं, आणि तिनं डोळे हटवले नाहीत. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं. वर्षभराचं एकेक ताट, एकेक घास त्याच्या चेहऱ्यावरून उलटा जाताना तिला दिसला.

"तवाच का न्हाई बोललीस?" तो कसाबसा म्हणाला.

"तू इचारलंस कवा?" अंकिता म्हणाली.

सिद्धू जमिनीवर बसला, हात टेकत आकारामांपुढे सरकला आणि त्यानं मान पुढे केली.

"मामा, घाला," तो म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. घाला येकदाचा."

फौजदारबाई पुढे झाल्या. क्रांतीनं त्यांना हातानं थांबवलं.

आकारामनी त्या मानेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोयत्याच्या मुठीवरची त्यांची बोटं एकदा आवळली आणि सुटली. सिद्धू डोळे मिटून वाट बघत होता.

"न्हाई," ते म्हणाले. "तू जग. लय वर्सं जग."